पैनगंगेच्या नाक्यावरचा मुन्शी

भोकर
२० ऑगस्ट १९७२

ती. दादास,

चोवीस वर्षांत मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलं पत्र. आई गेली तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आलं, मी देवणीला आले, तीन दिवस राहिले. आपण समोरासमोर जेवलो, पण बोललो नाही. नंतर मी तर लिहिलं नाहीच, तुम्हीही नाही. पत्र फाडायचं तर फाडा, पण आधी वाचा.

पंधरा ऑगस्टला मला ताम्रपट मिळाला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिल्लीहून आलेत ते. नाव पुकारलं तशी मी ताठ चालत गेले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? एकोणीस वर्षांची पोर निजामाच्या राज्याविरुद्ध उभी राहिली, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम आहे. बाकी शाळा, फळा, पाढे.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी गोष्ट सांगायला लावली. मी नेहमीची सांगितली. आपल्या टाकळीचा करोडगिरी, म्हणजे जकातीचा, नाका कसा जाळला, आप्पासाहेबांच्या तुकडीतले आम्ही चौदा जण पलीकडच्या वऱ्हाडातून पैनगंगा उतरून कसे आलो, सात बंदुका कशा नेल्या, आणि एकही माणूस मेला नाही. चौथीतली रुद्राणी उभी राहिली नि म्हणाली, "बाई, सगळे जवान बाजारला गेलेत हे तुम्हाला पलीकडं कसं कळलं?"

मी म्हणाले, "माहिती काढली होती."

"कुणाकडून?"

मी तिला खाली बसायला सांगितलं.

दादा, त्या पोरीनं विचारलं ते इतक्या वर्षांत ना गावानं विचारलं, ना कलेक्टरनं. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. म्हणून लिहायला बसले.

इकडं पाऊस नाही. ज्वारी वीतभर येऊन करपली. तुमच्याकडं जनावरांचं कसं?

सिंधुवहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी,
तारामती


भोकर
४ नोव्हेंबर १९७२

ती. दादास,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते निदान तुम्हाला तरी सांगायला पाहिजे. तुम्हाला ते ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी.

तुम्ही नाक्यावर मुन्शी होता. मी दुपारी तुमची अन् नाक्यावरच्या जवानांची भाकरी घेऊन यायची. मी प्रभातफेरीत जाते, आप्पासाहेबांच्या माणसांना भेटते, हे तुम्हाला माहीत होतं. घरात तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाही. मी मनात म्हणायची, सरकारी नोकरीला चिकटलेला माणूस, ह्याच्यानं काय होणार.

मग माघात एके दिवशी तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "गुरुवारी भाकर-कोरड्यास कमी आण. जवान गस्तीला जाऊन राहिलेत, तिघंच राहतील इथं." मला त्यात काही वाटलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "मंगळवारी दोघांपुरतीच भाकर लागंल. मी अन् इमामसाब. बाकी समदे हदगावच्या बाजारला. बंदुका सात हायेत, भिंतीला लावून ठेवलेल्या. त्यास्नी काय भाकर लागत न्हाई."

तेव्हा मला उमगलं. तुम्ही मात्र कांदा फोडून खात होता.

त्याच दिवशी मी नदी ओलांडली. आप्पासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या भावाचं नाव आपल्या दोघांतच राहू दे. बाहेर पडलं तर त्याला झाडाला टांगतील." मंगळवारी भर दुपारी आम्ही आलो. तुम्हाला अन् इमामसाब चौकीदाराला लिंबाला बांधलं. दोर माझ्या हातात होता. तुम्ही हळूच म्हणालात, "घट्ट बांध. ढिला बांधलास तर मरंन मी." नाक्याला आग लागली, कागद जळत नदीवर उडाले, आणि आम्ही घोषणा देत पाण्यात उतरलो.

नंतर नाक्याच्या साहेबानं तुम्हाला बडवून काढलं, तुमचा डावा कान गेला, हे मला पलीकडच्या आमच्या कॅम्पात कळलं. तरी तुम्ही त्याच नोकरीवर राहिलात. आप्पासाहेब श्रावणात चकमकीत गेले. त्यांच्यानंतर ही गोष्ट तुमच्याखेरीज माझ्या एकटीपाशी उरली.

आता खरं अवघड ते लिहिते.

सप्टेंबरात फौज आली, निजाम शरण आला. आम्ही झेंडा घेऊन टाकळीत शिरलो. बायकांनी मला ओवाळलं. गावातल्या ग्यानोबानं मला खांद्यावर घेतलं. आणि मग तोच ग्यानोबा ओरडला, "चला, आता मुन्शीकडं!" सगळी मिरवणूक आपल्या दाराशी आली. कुणी हाक मारायच्या आत तुम्ही स्वतःच बाहेर आलात आणि मागं दार ओढून घेतलंत. लोकांनी तुमच्या तोंडाला काजळी फासली, गळ्यात खेटरांची माळ घातली. 'निजामाचा कुत्रा' म्हणाले. मी दहा हातांवर उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मान हलवलीत. नाही, अशी.

मी गप्प राहिले.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की दादानंच गप्प राहायला सांगितलं. पण दादा, तुम्ही मान हलवली नसती तर मी बोलले असते का? लोक म्हणत होते, एकट्या पोरीनं नाक्यात शिरून माहिती काढली. मला ते गोड लागत होतं. त्या शौर्यात मला वाटेकरी नको होता. हे लिहायला मला चोवीस वर्षं लागली.

तुम्ही मान का हलवलीत? एवढंच सांगा.

तारामती


भोकर
११ मार्च १९७३

ती. दादास,

तुमचं कार्ड मिळालं. अडीच ओळी. "जुनं उकरू नको. जनावरं छावणीत नेली आहेत. सिंधु बरी आहे, तुझी आठवण काढते." मी ते चार वेळा वाचलं. मान का हलवली ह्याचं उत्तर त्यात नाही. पण ते मला मिळालं. कसं मिळालं ते सांगते.

इकडं दुष्काळी काम निघालंय, पाझर तलावाचं. आम्हा शिक्षकांना तिथं हजेरीला लावलंय. सकाळी फळा, नंतर हजेरीची वही. हजार-बाराशे माणूस खडी फोडतं. काल नवीन टोळी आली, धर्माबादकडची. मी नावं पुकारत होते. 'महबूबबी इमामसाब' म्हटलं आणि पन्नाशीची एक बाई पुढं आली. हातोडी खाली ठेवून माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"बाई, तुमी टाकळीच्या मुन्शीजीच्या भैन का?"

मी म्हणाले, "हाव. तुम्ही कोण?"

"मी इमामसाब चौकीदाराची घरवाली. मुन्शीजी जिते हैत?"

तुम्ही जिवंत आहात म्हटल्यावर ती तिथंच, खडीच्या ढिगावर बसली आणि रडायला लागली. मी हजेरी दुसऱ्याकडं दिली आणि तिच्याजवळ बसले. दादा, तिनं मला सगळं सांगितलं.

फौज यायच्या आदल्या दिवशी इमामसाब चारा बघायला नदीकडं गेला तो परत आलाच नाही. कुणी मारलं, कुठं टाकलं, तिला आजही माहीत नाही. ज्यानं कधी कुणावर लाठी उगारली नाही असा माणूस होता, म्हणाली. त्याच दिवशी तुम्ही तिला आणि दोन लेकरांना आपल्या घरात आणलंत, आणि आईनं त्यांना भिंतीतल्या बळदात, धान्याच्या जागी, उतरवलं. मिरवणूक दाराशी आली तेव्हा ती तिथंच होती, धाकट्या पोरीच्या तोंडावर हात दाबून.

"मुन्शीजी आदीच म्हनले होते," ती सांगत होती, "लोक शिव्या द्यायला आले का वसरीतून परत जातेत. हार घेऊन आले तर माजघरापस्तोर येतेत. म्हनून मला शिव्याच खाव्या लागतील."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

दादा, मी बोलले असते तर तीच माणसं तुम्हाला खांद्यावर घेऊन घरात शिरली असती. चहापाणी झालं असतं, पोरंसोरं घरभर हिंडली असती. आणि त्या दिवसांत लोकांची डोकी कशी फिरलेली होती ते मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्याच बाजूच्या लोकांची. त्याबद्दल मी शाळेत कधी काही सांगत नाही, पण बघितलंय.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गाडीत कडबा भरून, आईला आणि वहिनीला बसवून, भर दिवसा गावातून निघालात. मी देवळापाशी उभी होते. लोक गाडीवर थुंकले. मला वाटलं, तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून वहिनींच्या माहेरी चाललेत. कडब्याखाली ती तिघं होती. वाटेत देगलूरला तिच्या भावाकडं तुम्ही त्यांना सोडलंत.

महबूबबी म्हणाली, "मुन्शीजीचं काळं तोंड आजून माझ्या डोळ्याम्होरं हाय." मग स्वतःच म्हणाली, "काळं न्हाई बाई, माझ्यासाठी लई उजळ."

आज मी घरी येऊन ताम्रपट भिंतीवरून उतरवला. रागानं नाही. पुसून परत लावला. माझं काम माझं आहे, ते मी नाकारणार नाही. पण तुमच्याबद्दल आज जेवढा अभिमान वाटला, तेवढा मला माझा स्वतःचा कधी वाटला नव्हता. आई तर जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. कसली माणसं होता तुम्ही!

मी टाकळीला जाऊन हे सांगणार. तुम्ही हो म्हणा.

तुमची,
तारा


भोकर
२ जून १९७३

ती. दादास,

तुमचं कार्ड वाचलं. "सांगायचं नाही. मला त्या गावाकडून काही नको. आणि तू सांगशील ते अर्धंच असेल." अर्धं म्हणजे काय, ते लिहिलं नाहीत. ठीक आहे. थोरल्या भावाचा शब्द आहे, पाळते.

महबूबबीला मात्र तुमचा पत्ता दिला. तो द्यायला तुम्ही नाही म्हणाला नव्हतात.

तारा


भोकर
२९ ऑगस्ट १९८२

ती. दादास,

पाकिटावर पहिल्यांदाच 'जिल्हा लातूर' लिहिलं. हात सवयीनं उस्मानाबाद लिहायला गेला होता. तर तुम्ही नव्या जिल्ह्याचे झालात. मी आपली नांदेडचीच. वहिनींचं पत्र आलं. नव्या कचेरीचा माणूस मुक्तिसंग्रामातल्या लोकांची यादी करत देवणीत आला होता म्हणे. तुम्ही गोठ्यात होता. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही त्या काळात काय केलं?" आणि तुम्ही म्हणालात, "सरकारची नोकरी." तो बिचारा पुढच्या घरी गेला.

वहिनींनी लिहिलंय, "वन्सं, मी चौतीस वर्षं गप्प राहिले. आता मला गप्प बसवत नाही."

मलाही नाही.

टाकळीत १७ सप्टेंबरला नव्या हुतात्मा स्तंभाची पायाभरणी आहे. ग्यानोबा मला बोलवायला स्वतः आला होता. आता सत्तरीचा झालाय, काठी टेकत येतो. स्तंभाला दगड लावणार, त्यावर गावातल्या लढलेल्यांची नावं, आणि पहिलं नाव माझं. यंदाही पाऊस बेताचाच, विहिरींना पाणी नाही, तरी गावानं घरटी वर्गणी काढून दगड आणलाय.

नऊ वर्षं तुमचा शब्द पाळला. आता मोडणार आहे. आधी कळवून मोडते. तुमच्या नावाशिवाय माझं नाव त्या दगडावर चढलं तर तो दगड खोटा होईल. आणि पोरं तो खरा समजून वाचतील. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, मला हे सहन होणार नाही.

तुम्हाला यायचं तर या. नाही आलात तरी मी बोलणार.

तारामती


भोकर
२१ सप्टेंबर १९८२

ती. दादास,

तुम्ही आला नाहीत. मी बोलले.

मारुतीच्या पारावर सगळं गाव होतं. मी नाक्याची गोष्ट सुरू केली तशी लोकांनी माना डोलावल्या, त्यांना ती पाठ आहे. मग मी भाकरीचं सांगितलं. मान डोलायची थांबली. बळदाचं सांगितलं, कडब्याच्या गाडीचं सांगितलं. आणि शेवटी, मी त्या दिवशी भाकरीचं माहीत असून गप्प राहिले, तेही सांगितलं.

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा उठून घरी गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "इतकी वर्सं झोपली होती का बाई?" मी म्हणाले, "हाव, झोपले होते."

मग ग्यानोबा उठला. काठी बाजूला टाकली. म्हणाला, "माळ म्याच घातली व्हती. दुसऱ्या कुणाचं नाव घिऊ नका." मग म्हणाला, "दगडावर नाव घालाया त्याला इचारावं लागंल. त्यो नगं म्हणाला तर आपला हक न्हाई."

तेव्हा ठरलंय. रविवारी टाकळीची अकरा माणसं एस.टी.नं देवणीला येत आहेत. मी त्यांच्यासोबत आहे. वहिनींना सांगा, स्वयंपाकाची घाई करू नका, आम्ही भाकरी बांधून आणतोय. तुम्हाला दार लावायचं असेल तर लावा. आम्ही ओसरीत बसू.

तारा


भोकर
३० सप्टेंबर १९८२

ती. दादास,

सुखरूप पोचले. आठवडा सुट्टी काढली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतंय.

तुम्ही दार लावलं नाहीत. ग्यानोबा तुमच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला तेव्हा तुम्ही त्याला दंडाला धरून उठवलंत आणि म्हणालात, "गुडघे दुखतेत तुझे, वाकू नको." एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही काही मोठं बोलाल. पण त्या एका वाक्यावर ती अकरा माणसं ओसरीत लेकरांसारखी रडली. वळूचं दावं हातात धरून तुम्ही आपले उभे.

आणि मग तुम्ही उरलेलं अर्धं सांगितलंत.

"जवान कधी जाणार, किती राहणार, बंदुका किती, हे मला काय ठाऊक? मी कागदाचा माणूस. मोजून सांगणारा इमाम होता. त्यो मला सांगायचा, मी तारेला सांगायचो. मुलूख सगळ्यांचाच हाय, असं म्हणायचा. मंगळवार त्यानंच ठरवला. अन् त्यालाच कुणीतरी नदीवर मारून टाकलं. माझं नाव घालायचं तर त्याचं आधी घाला. न्हाईतर माझं नगं."

इमामसाबनं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही, भीतीपोटी आधी, आणि नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून. परतीच्या एस.टी.त हदगावजवळ आलो तेव्हा साहेबराव सरपंच म्हणाला, "निजामाचा चौकीदार, अन् स्तंभावर पहिला? लोक हसतील." ग्यानोबा म्हणाला, "हसू दे. त्यास्नी तारामतीबाई समजावून सांगतील, मास्तरीण हाय ती." आणि तो विषय तिथंच संपला. सोमवारी गावसभेत चार हात विरोधात वर झाले. बाकी सगळे बाजूनं.

मी धर्माबादला जाऊन आले. महबूबबी मिरचीच्या आडतीत देठ खुडायला बसते, आता तिची नातही बसते. मी सांगितलं तसा तिनं हात पदराला पुसला. मग शेजारच्या बाईकडं वळून म्हणाली, "सुना क्या? माझा मालक लडाईत होता." आणि एका ओळीत बसलेल्या सगळ्या बायकांना तिनं ते एकेकीला सांगितलं. ताठ बसून. मी तिथं उभी राहून ऐकत होते.

तर दगडावर पहिलं नाव इमामसाब, दुसरं तुमचं, शेषेराव, तिसरं माझं. आप्पासाहेबांचं त्यांच्या गावच्या दगडावर आहे. शाळेत असताना मी कधी दुसरीसुद्धा आले नव्हते, तुम्हाला माहीतच आहे. तिसरी आले आणि पहिल्यांदा माझ्या नंबराचं मला कौतुक वाटलं.

आता एक काम आहे, तेवढं लवकर करा. इमामसाबचं नाव मराठीत आणि उर्दूत, दोन्हींत कोरायचं ठरलंय. टाकळीत आता कुणाला धड उर्दू लिहिता येत नाही. जे होते ते गेले, नाहीतर निघून गेले. माझं अक्षर तुम्ही लहानपणी बघितलंयच. पाथरवट संगप्पा म्हणतो, त्याला वाचता येत नाही, पण कागदावर जसं असेल तसं तो दगडावर उतरवतो, नुक्त्याचं टिंबसुद्धा चुकवत नाही. तेव्हा तुम्ही जाड बोरूनं, मोठ्या अक्षरांत, त्याचं पूर्ण नाव लिहून पाठवा. हात थरथरत असेल तर दोन-तीनदा लिहा, चांगलं असेल ते मी निवडीन.

संगप्पानं दगड घासून ठेवलाय. तुमच्या कागदासाठी थांबलाय तो.

तुमची,
तारा